-निक (प्रत्यय)

-निक हा स्लाविक (रशियन, चेक वगैरे) भाषांमधला नामसाधक प्रत्यय आहे. एखाद्या कामाशी, गुणाशी, जागेशी किंवा पदार्थाशी ज्याचे कायमचे नाते, त्याला हा प्रत्यय नाव देतो. मग तो माणूस असो, भांडे असो, नाहीतर आठवड्याचा वार. आपल्याला तो ठाऊक आहे तो ‘स्पुटनिक’मुळे: आधी 1957 चा उपग्रह आणि मग 2021 मध्ये भारतात आलेली कोविडची लस.

प्रत्ययातला ‘न’ मुळात त्याचा नव्हे. रशियनमध्ये ‘ग्रेख’ म्हणजे पाप. त्यापासून ‘न’ लागून ‘ग्रेश्नी’ (पापी, पापाचा) हे विशेषण झाले आणि त्याला ‘-इक’ जोडून ‘ग्रेश्निक’, म्हणजे पाप करणारा माणूस. अशी शेकडो नामे कानावर पडत गेली तसा बोलणाऱ्यांनी विशेषणाचा ‘न’ आणि मागचा ‘इक’ एकत्र धरला, आणि ‘-निक’ हा एकसंध प्रत्यय झाला. मधले विशेषण वापरात नसले तरी तो थेट नामाला लागू लागला.

मराठी वाचकाला इथे ‘सैनिक’ आठवणे साहजिक आहे. त्यातला ‘न’ मात्र ‘सेना’चा आहे, प्रत्यय फक्त ‘इक’. ‘दैनिक’चेही तसेच. वर्तमानपत्राला चेक भाषेत ‘देनीक’ म्हणतात. त्यातला दिवसवाचक शब्द आणि आपला ‘दिन’ एकाच इंडो-युरोपीय कुळातले आहेत, पण प्रत्ययांची सरळ बरोबरी करू नये. स्लाविकमधला ‘ई’ जुन्या दीर्घ स्वरातून आलेला, संस्कृत ‘इक’मधला ह्रस्व.

घरच्या भाषेत हा प्रत्यय अगदी साधा, रोजच्या कामाचा आहे. रशियनमध्ये ‘उचेनिक’ म्हणजे विद्यार्थी, ‘लेस्निक’ म्हणजे वनरक्षक, ‘बुदील्निक’ म्हणजे गजराचे घड्याळ, ‘खोलोदील्निक’ म्हणजे फ्रिज, ‘मुरावेय्निक’ म्हणजे मुंग्यांचे वारूळ. सोमवार हा ‘पोनेदेल्निक’. ‘नेदेल्या’चा आजचा अर्थ आठवडा असला, तरी मूळ अर्थ काम न करण्याचा दिवस, म्हणजे रविवार. त्याच्यानंतरचा तो पोनेदेल्निक. मंगळवार ‘व्तोर्निक’, कारण तो दुसरा.

चहाचे उदाहरण सर्वांत बोलके. ‘चाय’पासून ‘चायनिक’, म्हणजे चहाची किटली. स्त्रीलिंगी रूप ‘-नित्सा’ लावले की ‘चायनित्सा’, म्हणजे कोरडी चहापत्ती ठेवायचा डबा. साखरेचे भांडे ‘साखर्नित्सा’. एकाच टेबलावर हे दोन्ही प्रत्यय शेजारी बसतात. नवशिक्या माणसालाही रशियन बोलीत ‘चायनिक’ म्हणतात. किटली आणि माणूस एकाच शब्दात मावतात, कारण -निकला सजीव-निर्जीव हा भेद पाळावाच लागत नाही.

‘स्पुटनिक’ या शब्दात ‘स’ म्हणजे सोबत आणि ‘पुत’ म्हणजे वाट. हा ‘पुत’ संस्कृत ‘पंथा’चा सख्खा नातेवाईक. तेव्हा स्पुटनिक म्हणजे वाटेवरचा सोबती. रशियन खगोलशास्त्रात ग्रहाच्या चंद्रालाही हाच शब्द होता, म्हणून 4 ऑक्टोबर 1957 रोजी सोडलेल्या 83.6 किलो वजनाच्या गोळ्याला वेगळे नाव शोधावे लागले नाही. जगाने जे विशेषनाम म्हणून ऐकले ते रशियनांसाठी सामान्यनाम होते.

शेजारच्या भाषांनी हा प्रत्यय फार पूर्वीच उचलला होता. हंगेरियन ही स्लाविक तर नाहीच, इंडो-युरोपीयही नाही. तिने तो स्वरसंवादाच्या, म्हणजे प्रत्ययाचा स्वर शब्दातल्या स्वरांशी जुळवून घेण्याच्या, आपल्या नियमात बसवला आणि ‘-नोक’ व ‘-न्योक’ अशी दोन रूपे केली. राजाच्या पंगतीची व्यवस्था पाहणारा ‘अस्तलनोक’ हा जुन्या उसनवारीतला. पुढे भाषाशुद्धीच्या चळवळीत नवे शब्द घडवताना हाच प्रत्यय हाताशी धरला गेला. ‘मेर’ म्हणजे मोजणे, त्यावरून ‘मेर्न्योक’, म्हणजे अभियंता. एके काळी उसना घेतलेला प्रत्यय परक्या शब्दांना हटवायच्या कामी आला, ही गोष्ट शब्द घडवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. एस्टोनियनमध्ये ‘किर्यानिक’ म्हणजे लेखक. रोमानियनमध्ये लॅटिनमधून आलेल्या ‘झी’ (दिवस) या शब्दाला तो लागून ‘झिल्निक’ (दररोजचा) हे विशेषण झाले. आपण ‘पाणी’ला फारसी ‘-दार’ लावून ‘पाणीदार’ म्हणतो, तसाच हा प्रकार.

पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेत -निकला चिडवण्याचा सूर लागला. ‘नुदनिक’ म्हणजे डोके पिकवणारा, बोलून बोलून जीव नकोसा करणारा माणूस. त्यातला ‘नुद’ही स्लाविकच, अर्थ कंटाळा. स्थलांतरितांबरोबर असे शब्द अमेरिकेत पोचले होते. इंग्रजीत त्यांना वारे मिळाले ते मात्र स्पुटनिकनंतर. नोव्हेंबर 1957 मध्ये लायका कुत्री अवकाशात गेली आणि तिला ‘मटनिक’ म्हटले गेले. ‘मट’ म्हणजे गावठी कुत्रा. 6 डिसेंबरला अमेरिकेचे व्हॅनगार्ड रॉकेट जेमतेम मीटरभर उचलून खाली कोसळले आणि वृत्तपत्रांनी ‘फ्लॉपनिक’, ‘कापुटनिक’ (‘कापुट’ म्हणजे मोडलेले, निकामी) अशी नावांची रांग लावली. 2 एप्रिल 1958 च्या ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’मध्ये स्तंभलेखक हर्ब केन यांनी ‘बीट’ पिढीच्या, म्हणजे रूढ चाकोरी नाकारणाऱ्या, तरुणांना ‘बीटनिक’ म्हटले. साठच्या दशकात युद्धविरोधक ‘पीसनिक’ झाले. इंग्रजीने किटली, वारूळ, सोमवार सगळे सोडून दिले. नव्या शब्दांत तिने प्रामुख्याने माणूस ठेवला, आणि तोही बहुधा नाक मुरडून.

‘रिफ्युझनिक’ या शब्दाचा प्रवास वेदनेचा आहे. सोव्हिएत संघातून बाहेर जाण्याची परवानगी नाकारलेल्या लोकांना, मुख्यतः ज्यूंना, रशियनमध्ये ‘अत्काझ्निक’ म्हणत. अर्ज केल्यावर अनेकांची नोकरी गेली आणि उत्तराची वाट पाहण्यात वर्षे सरली. सत्तरच्या दशकात याच शब्दाचे अर्धे भाषांतर होऊन इंग्रजी शब्द आला. प्रत्यय तेवढा तसाच राहिला. पुढे त्याचा अर्थ उलटला. ज्याला नकार मिळाला तो मागे पडला आणि जो स्वतः नकार देतो, आदेश पाळत नाही, तो रिफ्युझनिक ठरू लागला. जुना अर्थ भोगलेली माणसे हयात असतानाच हे घडले.

आधुनिक हिब्रूत मात्र -निकमध्ये कुचेष्टा असतेच असे नाही. ‘किबुत्झनिक’ म्हणजे सामुदायिक वसाहतीत राहणारा, ‘मिलुइमनिक’ म्हणजे राखीव सेवेवर बोलावलेला सैनिक. कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या कुटुंबांनाही हे शब्द तिथल्या रोजच्या बोलण्यात भेटतात. तिथल्या सैन्यात आघाडीवर न जाता कचेरीत काम करणाऱ्याला ‘जॉबनिक’ म्हणतात, आणि तो टोमणाच असतो.