ईमची प्लेगबंदी

ईमची प्लेगबंदी : (1666). इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील ईम या गावाने प्लेगच्या साथीत स्वतःभोवती घालून घेतलेली नाकेबंदी. साथीत पाळकाने (ख्रिस्ती धर्मगुरूने) गाव सोडावे का, या प्रश्नावर जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी 1527 मध्येच लिहिले होते. ईमच्या दोन पाळकांनी त्याचे उत्तर कृतीने दिले.

परंपरेनुसार 1665 च्या उन्हाळ्याअखेर लंडनहून आलेल्या कापडाच्या गाठोड्यातून पिसवा गावात आल्या. ओलसर कापड विस्तवापुढे वाळवणारा जॉर्ज व्हिकर्स हा पहिला बळी. त्याचे दफन 7 सप्टेंबरला झाले. गाठोड्याची हकीकत मात्र बऱ्याच नंतर लिहिली गेली, त्यामुळे तिचे तपशील जपूनच घ्यावे लागतात. वर्षभर रेंगाळलेली ही साथ विषाणूजन्य रक्तस्रावी तापाची असावी, असेही काही अभ्यासकांनी सुचवले होते. परंतु 1665 च्या लंडनमधील दफनभूमीतल्या सांगाड्यांत प्लेगच्या जंतूंचे अंश आढळल्यापासून ते मत मागे पडले आहे. 2016 च्या एका सांख्यिकी अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाल्याचा अंदाज निघाला. एकेका घरात पाठोपाठ झालेले मृत्यू पाहता तो पटण्याजोगा आहे.

हिवाळ्यात ओसरलेली साथ जून 1666 मध्ये पुन्हा भडकली. तेव्हाचे रेक्टर (गावच्या चर्चचे प्रमुख पाळक) विल्यम मॉम्पेसन तरुण होते आणि गावात नवखे होते. आधीचे पाळक टॉमस स्टॅनली यांना इंग्लंडच्या चर्चचा 1662 चा प्रार्थनाग्रंथ न स्वीकारल्याने पद सोडावे लागले होते. पण गावात मान त्यांचाच होता. दोघांचे धर्मपंथ वेगळे असूनही गावाबाहेर कोणी जाऊ नये यासाठी दोघे एकत्र आले, आणि नाकेबंदीचे बळ याच एकोप्यात होते असे म्हणावे लागते. चर्चला कुलूप लावून कुकलेट डेल्फ या दरीत उघड्यावर, कुटुंबे दूर दूर उभी करून उपासना होऊ लागली. ज्याने त्याने आपली माणसे घराजवळच पुरायची, असेही ठरले. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने ऑगस्टमध्ये आठ दिवसांत पती आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. शेजारचे लोक सीमेवरच्या दगडांपाशी धान्य ठेवून जात. मोबदल्याची नाणी दगडातल्या खळग्यांत, रोग पसरू नये म्हणून व्हिनेगरमध्ये टाकलेली असत. जवळच्या चॅट्सवर्थचे उमराव अर्ल ऑफ डेव्हनशर यांनीही रसद पुरवली.

मॉम्पेसन यांनी मुलांना आधीच बाहेर पाठवले होते. पत्नी कॅथरीन मात्र त्यांच्यासोबत राहिल्या आणि ऑगस्टच्या अखेरीस साथीत वारल्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीस साथ थांबली. 20 नोव्हेंबरच्या पत्रात मॉम्पेसन 76 कुटुंबे आणि 259 मृत्यू नोंदवतात. गावची वस्ती 350 होती, हा जुना आकडा कमी वाटतो. चूलपट्टीच्या (घरातील चुलींवरील कराच्या) नोंदींवरून ती सातशेच्या आसपास असावी. उपलब्ध मृत्युनोंदवहीसुद्धा अठराव्या शतकाच्या आरंभी केलेली नक्कल आहे.

नाकेबंदी कितपत स्वेच्छेची होती, याविषयी मतभेद आहेत. ऐपतदार कुटुंबांपैकी काही आधीच निघून गेली होती, आणि उरलेल्यांपैकी अनेकांना जायला जागा नव्हती. शौर्यकथेचे आजचे रूप बरेचसे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत घडले, हा आक्षेप रास्त आहे. तरीही मॉम्पेसन यांची पत्रे समकालीन आहेत आणि पाळक गावात राहिले, हे त्यांवरून निश्चित होते. स्टॅनली यांच्याविषयीची माहिती तुटक आहे. 1670 मध्ये ते ईममध्येच वारले. मॉम्पेसन 1669 मध्ये नॉटिंगहॅमशरमधील ईक्रिंगला गेले. तेथील लोकांनी प्लेगच्या भीतीने त्यांना सुरुवातीला गावाबाहेर राहायला लावले, असे सांगतात.