एनटीनं नॉव्हेलला खाल्लं, लिनक्सनं युनिक्सला

आज सर्व्हरची (बाकी मशीनना सेवा देणाऱ्या कॉम्प्युटरची) ऑपरेटिंग सिस्टीम म्हटलं की लिनक्स का विंडोज एवढाच वाद चालतो, पण १९९० च्या आसपास सर्व्हरसाठी या दोघांचं नावही कोणी घेत नव्हतं. बँका, टेलिकॉम, मोठे डेटाबेस हे बरंचसं युनिक्सवर, आणि युनिक्स पण एक नाही, सनचं वेगळं, आयबीएमचं एआयएक्स, एचपीचं एचपी-यूएक्स, प्रत्येकाचा प्रोसेसर वेगळा, मशीन वेगळं, म्हणजे एकदा घेतलं की त्याच कंपनीच्या दावणीला बांधले गेलात.

ऑफिसातल्या फायली आणि प्रिंटर मात्र नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर या सर्व्हर सिस्टीमकडे. साध्या ३८६ (इंटेलची तेव्हाची चिप) पीसीवर टाकायचं आणि विसरून जायचं. स्क्रीनसेव्हरमधे एक साप फिरायचा, लोड वाढला की तो लांब व्हायचा आणि जोरात पळायचा, त्यामुळे सर्व्हर किती दमलाय हे लांबूनच कळायचं (असा मॉनिटरिंग डॅशबोर्ड परत झाला नाही!).

१९९३ ला मायक्रोसॉफ्टचं सर्व्हरवरही चालणारं विंडोज एनटी ३.१ आलं ते जड होतं, फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९९६ च्या एनटी ४.० ला विंडोज ९५ चा चेहरा मिळाला नि डेस्कटॉप येणारा माणूस सर्व्हरही चालवायला लागला. नॉव्हेल तोवर आयपीएक्स ही स्वतःची नेटवर्कची भाषा धरून बसलेलं, इंटरनेटची टीसीपी/आयपी मुळातून घेतलं ते थेट १९९८ ला. २००० मधे मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसातले सगळे युजर आणि मशीन एका जागेवरून सांभाळायची सोय) आली आणि विषय संपला.

युनिक्सचं मरण वेगळ्या हातानं आलं. लिनस टोरवाल्ड्सचं, युनिक्ससारखं चालणारं फुकट लिनक्स १९९१ चं, तेव्हा बीएसडीवाले (युनिक्सचाच बर्कली विद्यापीठातला अवतार) लवकरच मूळ युनिक्सवाल्या एटीअँडटीच्या कंपनीशी कोर्टात अडकले ते १९९४ पर्यंत, त्याचा फायदा लिनक्सला झालाच. पुढे स्वस्त इंटेल मशीन, वर लिनक्स आणि वेबसाइट चालवणारं अपाची, कमांड्स जवळपास त्याच, मग सनचा महागडा डबा कोण घेणार? आयबीएमनं २००१ मधे लिनक्सवर १ अब्ज डॉलर लावले, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर लिनक्सला कॅन्सर म्हणाले, आणि २०१७ ला त्याच मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस लिनक्सवर चालायला लागला. सन २०१० मधे ओरॅकलच्या घशात गेलं.

आता भांडणं घरातलीच. आयबीएमनं २०१९ ला ३४ अब्ज डॉलरला रेड हॅट ही लिनक्स विकणारी कंपनी घेतली, २०२० च्या डिसेंबरात सेंटओएस (रेड हॅटच्या लिनक्सची फुकट नक्कल) गुंडाळायची घोषणा झाली, आणि फुकटात रेड हॅटसारखं चालवणारे कित्येकजण रॉकी नाहीतर अल्मा या तसल्याच फुकट लिनक्सकडे पळाले.