महासाथीतील वैद्यकीय विद्यार्थ्यांचा मानसिक ताण : खानदेश

संसर्गजन्य रोगाच्या जागतिक साथीत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर पडणारा मानसिक भार आणि त्यातून उद्भवणारे चिंता, नैराश्य, निद्रानाश, भावनिक थकवा यांसारखे त्रास. प्रस्तुत नोंद कोविड-१९ च्या काळापुरती (मुख्यत्वे २०२०–२०२२) आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांपुरती आहे.

ताण हा स्वतः आजार नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्री छातीत धडधडणे स्वाभाविक आहे. परीक्षा संपून महिना झाला तरी धडधड थांबत नाही, झोप उडते, जेवणावरची वासना जाते, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही, तेव्हा मात्र तो तपासण्याजोगा त्रास ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात कामातून येणारी दीर्घकालीन थकावट, म्हणजे बर्नआउट, आजार म्हणून नव्हे तर व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून नोंदवली आहे. तिची तीन अंगे आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपण आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. कोविड वॉर्डात काम केलेल्या मुलांच्या बोलण्यात तिसरे अंगही ठळक असते.

वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य साथीआधीही चांगले नव्हते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४०हून अधिक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात सुमारे २७ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणे आढळली होती. साथीने या जुन्या दुखण्यावर नवे ओझे टाकले.

खानदेशातील महाविद्यालये तेव्हा वेगवेगळ्या वयाची होती. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तीन दशकांचे जुने. धुळे आणि जळगाव येथे खासगी महाविद्यालयेही होती. जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झालेले, म्हणजे साथ आली तेव्हा त्याची पहिली तुकडी नुकती रुग्णांजवळ जाऊ लागली होती, आणि नेमके त्याच वेळी तेथील रुग्णालय कोविडसाठी राखले गेले. नंदुरबारचे महाविद्यालय तर २०२० चे. देशभर त्या वर्षीच्या प्रथम वर्षाचे वर्ग १ फेब्रुवारी २०२१ ला सुरू झाले आणि दोन-अडीच महिन्यांत दुसरी लाट उसळली. या तुकडीला महाविद्यालयात वरच्या वर्गाची मुले नव्हतीच. वैद्यकीय शिक्षणात सीनियर म्हणजे जुनी जर्नले देणारा, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) कोण काय विचारते ते सांगणारा, रात्री दोनला ‘होतं असं, झोप आता’ म्हणणारा माणूस. पहिल्या तुकडीला तो मिळाला नाही, याची नोंद कोणत्याही प्रश्नावलीत येत नाही.

साथीने विद्यार्थ्यांचे दोन गट पाडले. पहिल्या व दुसऱ्या वर्षाची मुले मार्च २०२० च्या टाळेबंदीत घरी गेली, तर इंटर्न (अंतिम परीक्षेनंतर वर्षभर रुग्णालयात सराव करणारे) आणि निवासी डॉक्टर (रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणारे) वॉर्डात राहिले. घरी गेलेल्यांचे दुःख फारसे कोणी मनावर घेतले नाही. शवविच्छेदन मोबाइलच्या पडद्यावर शिकायचे, पोटाची तपासणी रुग्णाला हात न लावता ‘करायची’. धडगाव, अक्कलकुवा भागातील सातपुड्याच्या पाड्यांवर रेंज मिळवण्यासाठी टेकडी चढावी लागे. कापसाच्या हंगामात घरात माणूसबळ कमी, त्यामुळे तास संपला की शेतात. आपण डॉक्टर होणार खरे, पण काही येत नाही, ही भीती या गटात घर करून राहिली.

याच मुलांचा फोन मात्र दिवसभर वाजत असे. खानदेशात घरातला पहिला डॉक्टर म्हणजे साऱ्या भावकीचा, बहुधा साऱ्या गावाचा डॉक्टर. तो कोणत्या वर्षाला आहे हे कोणी विचारत नाही. एप्रिल २०२१ मध्ये फुप्फुसात संसर्ग किती पसरला ते सांगणारा सीटी स्कॅनचा पंचवीसपैकीचा ‘स्कोअर’ आणि ऑक्सिजनचे ‘सॅच्युरेशन’ हे शब्द पारावर बोलले जात होते. ‘बापूना स्कोअर बारा उना, आते काय करानं?’ (बापूंचा स्कोअर बारा आला, आता काय करायचं?) असे विचारणाऱ्या काकाला दुसऱ्या वर्षाचा मुलगा काय उत्तर देणार? त्याने औषधशास्त्राची निम्मी पुस्तकेही वाचलेली नव्हती. रेमडेसिविर कुठे मिळेल, बेड कुठे रिकामा आहे, हे प्रश्न त्याच्याकडेच येत. तो वर्गमित्रांना, वर्गमित्र इंटर्नना फोन करत. कधी बेड मिळे, कधी मिळत नसे, आणि ज्यांना मिळाला नाही ती माणसे त्याची स्वतःची असत. या अपराधीपणाला ताण म्हणणे अपुरे आहे. ज्ञान नसताना दिलेल्या किंवा देता न आलेल्या सल्ल्याचे ओझे वीस वर्षांच्या मुलांनी वाहिले.

वॉर्डातील गटाचा पहिला शत्रू ऊन होता. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४–४५ अंशांवर जातो. हवा न खेळणारे पीपीई किट, त्याखाली एन-९५ मास्क, गॉगल, दुहेरी हातमोजे. संसर्गाच्या भीतीने कित्येक वॉर्डांत कूलर आणि वातानुकूलन बंद. किट घातले की सहा-आठ तास पाणी नाही आणि लघवीलाही जाता येत नाही, म्हणून ड्यूटीआधीच पाणी तोडायचे. गॉगलवर वाफ धरली की शीर सापडत नसे. किटमध्ये सगळे सारखेच दिसत म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहीत. किट उतरवल्यावर हाताची बोटे भिजून सुरकुतलेली आणि नाकाच्या दांड्यावर वळ. तेवढ्यात घरून फोन येई. त्यावरचे उत्तर अहिराणीत दोन-तीन शब्दांचे : ‘बठं बरं शे.’ सगळं बरं आहे. आईला खरे सांगितले तर ती रात्रभर जागी राहील, म्हणून हे बोलले जात असे. पण रोज बोलताबोलता स्वतःलाही खरे सांगायची सवय मोडते.

मरणाशी अशी गाठ बहुतेकांची पहिलीच होती. नातेवाइकांना आत येण्याची मुभा नसल्याने इंटर्नच मोबाइल धरून व्हिडिओ कॉल लावून देत. परराज्यांतून किंवा विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या अहिराणी, भिली, पावरी या बोली कळत नसत. एरवी चेहऱ्यावरून निभावते, पण मास्कमागे चेहराही गेलेला.

हल्ल्याची भीती वेगळीच होती. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी केलेल्या जबर मारहाणीनंतर राज्यभरातील निवासी डॉक्टरांनी काम थांबवले होते. ती आठवण येथे ताजी होती. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने साथरोग कायद्यात वटहुकुमाने बदल करून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद केली. रात्री तीनला कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) एकट्या असलेल्या इंटर्नला या तरतुदीचा आधार कितपत वाटला असेल, हे सांगायला नको.

त्यातच भविष्यही टांगणीला लागले होते. पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी २०२१ ही परीक्षा जानेवारीवरून १८ एप्रिलवर गेली, आदल्या आठवड्यात पुन्हा लांबली आणि अखेर ११ सप्टेंबर २०२१ ला झाली. दरम्यान ३ मे २०२१ च्या केंद्रीय निर्णयानुसार इंटर्नना कोविड कामावर आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दूरध्वनी-सल्ला व सौम्य रुग्णांच्या देखरेखीवर नेमण्याची मुभा मिळाली. प्रवेशाची समुपदेशन फेरी जानेवारी २०२२ पर्यंत रखडली. नवे निवासी डॉक्टर आले नाहीत आणि दोन वर्गांनी तीन वर्गांचे काम ओढले.

मानसिक त्रासाच्या मोजमापासाठी डास-२१, पीएचक्यू-९ (नैराश्यासाठी), जीएडी-७ (चिंतेसाठी) या प्रश्नावल्या वापरतात. डास-२१ मध्ये मागील आठवड्याविषयीच्या २१ विधानांना ० ते ३ गुण देऊन नैराश्य, चिंता व ताण वेगवेगळे काढले जातात. साथीत असे अभ्यास बहुधा ऑनलाइन अर्जांतून झाले. रेंज असलेला, उसंत असलेला आणि बोलावेसे वाटणारा विद्यार्थीच त्यांत उतरतो, म्हणून त्यांचे आकडे जपून वाचावे लागतात. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालातही मर्यादा हीच, पण आवाका मोठा : पदवीच्या २५,५९० विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी मानसिक आरोग्याचा त्रास असल्याचे आणि १६.२ टक्क्यांनी वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगितले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांमध्ये असे विचार सांगणारे ३१ टक्क्यांहून अधिक होते. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांपुढे नसावे, अशी शिफारस या दलाने केली. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत मात्र ही मर्यादा ४८ तासांची होती.

मदत जवळ असूनही ती घेतली जात नाही, याचे कारण केवळ ‘वेड्यांचा डॉक्टर’ हा शिक्का नाही. महाविद्यालयातला मानसोपचारतज्ज्ञ हाच विद्यार्थ्याचा शिक्षक असतो. खिडकीवर केसपेपर काढायचा तर कारकून ओळखीचा, औषध द्यायला परिचारिका ओळखीची, ओपीडीत बसलेला निवासी डॉक्टर होस्टेलच्या शेजारच्या खोलीतला. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची निःशुल्क दूरध्वनी सेवा (क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही) या अडचणीला वळसा घालते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्या उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर येते. वैद्यकीय विद्यार्थी हे कलम परीक्षेसाठी पाठ करतात. ते आपल्यालाही लागू आहे, हे त्यांना वर्गात सांगितले जात नाही.