स्फोटकाचा जोर गणितात बसला, हळवेपणा नाही

नवे स्फोटक बनवण्याआधीच ते किती जोरदार आणि किती हळवे (म्हणजे धक्क्याने किती सहज फुटणारे) निघेल, हे कळायला हवे. अंदाज चुकला तर बोटांवर बेतते. यातला जोराचा प्रश्न आधी सुटला. चॅपमन (१८९९) आणि झूगे (१९०५) यांनी डिटोनेशनच्या, म्हणजे स्फोटकातून ध्वनीपेक्षा वेगाने धावणाऱ्या स्फोटाच्या, लाटेचा वेग वस्तुमान, संवेग आणि ऊर्जेच्या हिशेबातून काढला. रासायनिक क्रिया किती वेगाने होते, हे त्यासाठी माहीत असण्याची गरजच नव्हती.

१९६८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतील कॅमलेट आणि जेकब्स यांनी हे काम चार आकड्यांवर आणले: एका ग्रॅममधून निघणारे वायूचे मोल, त्या वायूचा सरासरी रेणुभार, सुटणारी उष्णता आणि घनता. स्फोटाचा दाब घनतेच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून घनतेत ५ टक्के चूक म्हणजे दाबात १० टक्के. ऑक्टानायट्रोक्युबेन या स्फोटकाची घनता दर घन सेंटिमीटरला २.१ ग्रॅमच्या पुढे जाईल असा अंदाज होता. २००० साली माहिती प्रसिद्ध झाली तेव्हा स्फटिक १.९८ चाच निघाला. सूत्राचा दोष नव्हता, त्यात घातलेला आकडा फुगलेला होता.

हळवेपणा मोजायची रीत मात्र अजूनही ओबडधोबडच. चिमूटभर नमुन्यावर २.५ किलोचे वजन सोडायचे. स्फोट झाला तर उंची एक पायरी कमी, नाही झाला तर एक पायरी जास्त. त्यातून निम्म्या वेळा स्फोट घडवणारी उंची काढतात. टीएनटीला साधारण दीड मीटर, आरडीएक्सला पाव मीटर. पण दाण्याचा आकार, खालचा सॅंडपेपर आणि ‘आवाज झाला’ कशाला म्हणायचे, यावर आकडा हलतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकाच तक्त्यात ठेवून सूत्र बसवणे हा या क्षेत्रातला नेहमीचा घोटाळा.

कॅमलेटने १९७६ मध्ये या उंचीचे लॉगरिदम ऑक्सिजन-संतुलनाशी, म्हणजे पूर्ण जळायला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी रेणूत स्वतःचा किती आहे याच्याशी, जोडले. एकाच कुळातल्या रेणूंना ते लागू पडते. नायट्रामाइन (आरडीएक्सचे कूळ) आणि नायट्रोअॅरोमॅटिक (टीएनटीचे कूळ) यांच्या रेषा मात्र वेगळ्या. शिवाय केंब्रिजच्या बाउडन आणि योफ यांनी १९५२ मध्येच दाखवले होते: आघाताची उष्णता दाण्यांमधल्या सूक्ष्म पोकळ्यांपाशी गोळा होते आणि ठिणगी तिथे पडते. नुसत्या रेणूच्या सूत्रात या पोकळ्या दिसणार कुठून?

२०१२ मध्ये मिशिगन विद्यापीठात सीएल-२० आणि एचएमएक्स या दोन स्फोटकांचा २:१ सहस्फटिक, म्हणजे दोन्हींचे रेणू एकत्र रचलेला स्फटिक, बनवला गेला. रेणू तेच, रचना नवी, आणि हळवेपणा एचएमएक्सच्या जवळपास उतरला. त्याचा डिटोनेशन वेग संगणकाने दिला. हळवेपणासाठी वजन टाकूनच पाहावे लागले.