मॉस्को मेट्रोचे वर्तुळ आणि स्तालिनचा कप
स्तालिनने मॉस्को मेट्रोच्या आराखड्यावर कॉफीचा कप टेकवला, त्याचा तपकिरी डाग उमटला आणि म्हणून वर्तुळ मार्गिका बांधली गेली, ही वर्षानुवर्षे सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही. आधीच्या मार्गिका शहराच्या मध्यभागी एकत्र येत असल्याने तिथे होणारी प्रवाशांची कोंडी फोडणे आणि रेल्वेची टर्मिनस परस्परांना जोडणे, यासाठी अभियंत्यांनी ती विचारपूर्वक आखली. त्या वेळच्या नऊपैकी सात टर्मिनस तिच्यावर येतात, आणि एकट्या कोम्सोमोल्स्काया स्थानकातून बाहेर पडले की त्यांतली तीन समोरच असतात. डागातून अशी नेमकी जुळणी होत नाही. बांधकामही टप्प्याटप्प्याने झाले: १९५० मध्ये पार्क कुल्तुरी ते कुर्स्काया, १९५२ मध्ये पुढे बेलोरुस्कायापर्यंत, आणि स्तालिनच्या मृत्यूनंतर, १९५४ मध्ये, वर्तुळ पूर्ण झाले.