पृथ्वीसोबत प्रदक्षिणा घालणारे दगड

२०२४ च्या नवरात्राच्या तोंडावर ‘पृथ्वीला दुसरा चंद्र मिळाला’ ही बातमी सगळीकडे फिरत होती. शेजारच्या आजी गच्चीवर आल्या आणि म्हणाल्या, “दाखव बरं, कुठल्या बाजूला आहे?” साध्या डोळ्यांनी तो दिसणार नाही, हे सांगताना मलाच वाईट वाटलं. २०२४ पीटी५ नावाचा तो दगड होता जेमतेम दहा मीटरचा. २९ सप्टेंबर ते २५ नोव्हेंबर एवढे दिवस पृथ्वीच्या ओढीत राहिला आणि एकही फेरी पुरी न करता निघून गेला. सूर्याभोवती जवळपास पृथ्वीसारख्याच वाटेने फिरणाऱ्या अशा लघुग्रहांच्या गटाला खगोलशास्त्रज्ञ ‘अर्जुन’ म्हणतात. हो, महाभारतातल्या अर्जुनावरूनच.

पण दोन महिन्यांच्या या पाहुण्यापेक्षा मला ओढ वाटते ती आपल्याला शतकानुशतकं सोबत करणाऱ्यांची. त्यातला माझा सगळ्यात आवडता म्हणजे कामोओआलेवा. २७ एप्रिल २०१६ रोजी हवाईतल्या हालेआकाला पर्वतावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने तो टिपला, म्हणून नावही हवाईयन. आकार ४० ते १०० मीटरच्या दरम्यान, स्वतःभोवती गिरकी साधारण २८ मिनिटांत. सूर्याभोवती फिरायला त्याला लागतात जवळपास ३६६ दिवस, म्हणजे आपल्याएवढेच. त्यामुळे पृथ्वीवरून पाहिलं तर तो आपल्याभोवतीच घिरट्या घालतोय असं वाटतं. अशा सोबत्याला क्वासी-मून, म्हणजे चंद्रासारखा भासणारा, म्हणतात.

हे कसं होतं, ते देवळात कळतं. समजा, तुम्ही गाभाऱ्याभोवती एका चालीने गोल प्रदक्षिणा घालताय. मैत्रिणीची वाट थोडी लांबट आहे. एका बाजूला ती भिंतीला खेटून जाते, दुसऱ्या बाजूला पार अंगणाच्या कडेने. भिंतीजवळ तिची पावलं झपझप पडतात, लांब गेली की मंदावतात. फेरी मात्र दोघींची एकाच वेळात पुरी होते. आता तुमच्या नजरेने बघा. ती तुमच्या उजव्या हाताने पुढे गेली, समोरून डावीकडे सरकली, डाव्या हाताने मागे पडली आणि पाठीमागून पुन्हा उजवीकडे आली. तिने तुमच्याभोवतीच फेरी घातली, तीही प्रदक्षिणेच्या उलट दिशेने! तिचं लक्ष मात्र सारा वेळ गाभाऱ्याकडे होतं. कामोओआलेवाचं नेमकं हेच आहे. आपला चंद्र पृथ्वीभोवती ज्या दिशेने फिरतो, त्याच्या उलट दिशेने हा फिरताना भासतो.

पृथ्वी एखाद्या वस्तूला स्वतःभोवती धरून ठेवू शकते ती साधारण १५ लाख किलोमीटरपर्यंत. आपलं आदित्य-एल१ यान याच वेशीवर उभं राहून सूर्य न्याहाळतंय. कामोओआलेवा मात्र चंद्राच्या ३८ पट अंतराहून जवळ येत नाही, म्हणजे वेशीच्या जवळजवळ दहापट लांब. म्हणून तो खरा उपग्रह नव्हे. तरीही पृथ्वीचा हलकासा हात त्याला लागतोच. तो पुढे सरकू लागला किंवा मागे रेंगाळला, की पृथ्वीची ओढ त्याला पुन्हा ओळीत आणते. चंद्राच्या शंभर पट अंतरापलीकडे तो जातच नाही.

या ओढीचा खेळ मोठा विलक्षण आहे. आतल्या, किंचित लहान वाटेवरचा दगड पृथ्वीपेक्षा वेगाने फिरतो आणि मागून तिला गाठू पाहतो. पृथ्वी त्याला पुढे खेचते. त्याने तो आणखी जोरात जायला हवा ना? पण त्या खेचण्याने त्याला ऊर्जा मिळते, तो सूर्यापासून दूरच्या, मोठ्या वाटेवर जातो, आणि मोठ्या वाटेवर चाल मंद असते. म्हणून तो पृथ्वीजवळ येऊनही तिला ओलांडत नाही, उलट मागे पडत जातो. शेकडो वर्षांनी पृथ्वीच त्याला मागून गाठते, मागे खेचते आणि तो पुन्हा आतल्या वाटेवर येतो. पृथ्वीवरून ही सगळी वाट घोड्याच्या नालासारखी दिसते. १९८६ मध्ये सापडलेला क्रुइन्या हा सुमारे पाच किलोमीटरचा लघुग्रह अशीच ये-जा करतो. एक नाल पुरा व्हायला साधारण ७७० वर्षं! त्याची ही चाल संशोधकांच्या ध्यानात आली ती १९९७ मध्ये.

क्वासी-मून आणि नालाच्या वाटेवरचे दगड यांच्यानंतर तिसरी जात ट्रोजनांची. हे ग्रहाच्याच वाटेवर त्याच्या ६० अंश पुढे किंवा मागे राहतात. गणितज्ञ लाग्रांजने १७७२ मध्ये ही जागा गणिताने दाखवली होती, आणि गुरूच्या पुढे चालणारा पहिला ट्रोजन, अकिलीस, खगोलशास्त्रज्ञ माक्स वोल्फ यांना १९०६ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला सापडला. १३४ वर्षांनी! आज गुरूचे दहा हजारांहून जास्त ट्रोजन माहीत आहेत. पृथ्वीचे मात्र दोनच. ते सूर्याच्या बाजूला असल्याने संधिप्रकाशात शोधावे लागतात.

पुन्हा कामोओआलेवाकडे येते. दरवर्षी एप्रिलच्या आसपास काही आठवडेच तो मोठ्या दुर्बिणींना नीट दिसतो. अ‍ॅरिझोनातल्या दुर्बिणीतून त्याचा प्रकाश तपासला, तेव्हा तो नेहमीच्या लघुग्रहांशी जुळेना. जुळला तो अपोलोच्या अंतराळवीरांनी आणलेल्या चंद्रावरच्या खडकांशी. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि कधीतरी चंद्रावर मोठा आघात होऊन उडालेला हा तुकडा असावा, असा तर्क पुढे आला. तो कुठून उडाला याचाही शोध चालू आहे. चंद्राच्या पलीकडच्या बाजूचं, २२ किलोमीटर रुंदीचं जोर्दानो ब्रुनो विवर हा एक अंदाज.

मे २०२५ मध्ये चीनचं त्यानवेन-२ यान त्याच्याकडे निघालं. नियोजन असं, की तिथली थोडी माती उचलून २०२७ च्या अखेरीस कुपीतून पृथ्वीवर पाठवायची. दर २८ मिनिटांनी गिरकी घेणाऱ्या, गुरुत्वाकर्षण जवळपास नसलेल्या दगडाला यानाने हात लावायचा आहे. ती चिमूटभर माती प्रयोगशाळेत उघडली, की अपोलोच्या खडकांशेजारी ठेवून पाहता येईल.