खळ्यातली खुर्ची तुटते कशामुळे

गेल्या मे महिन्यात गावच्या घरी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गप्पा रंगल्या होत्या. आत्या नेहमीच्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत जराशी मागे रेलली, कड्‌कन आवाज झाला, मागचा पाय बैठकीपासून सुटला आणि ती जमिनीवर पडली. मनगट मोडलं. तिचं वजन पन्नास किलोच्या आत, आणि खुर्ची जेमतेम चार वर्षांची. "प्लास्टिकच ते, कधीतरी जायचंच" असं म्हणून सगळ्यांनी विषय सोडला. मला तो सोडवला नाही.

तुटलेला पाय उजेडात नेऊन पाहिला. तुटलेल्या तोंडाशी आतलं प्लास्टिक अजून गडद निळं, चांगलं चिवट होतं. बाहेरची पातळ साल मात्र फिकी पडली होती. तिच्यावरून अंगठा फिरवला तर पांढरी पूड लागली, आणि नीट पाहिल्यावर केसाएवढ्या भेगांचं जाळं दिसलं. ज्या बाजूला दुपारचं ऊन पडायचं, त्याच बाजूला ते सगळ्यांत दाट होतं.

या खुर्च्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. १९५४ मध्ये इटलीत जुलिओ नाट्टा यांच्या प्रयोगशाळेत या प्लास्टिकच्या साखळ्या शिस्तीत जोडण्याची युक्ती साधली. अशी जोडणी घडवून आणणाऱ्या उत्प्रेरकांवरच्या कामासाठी त्यांना आणि जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर यांना १९६३ चं नोबेल मिळालं. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये आंरी मासोने यांनी एकाच साच्यात, दोन मिनिटांच्या आत आख्खी खुर्ची ओतून दाखवली आणि ती जगभर पसरली. सांधा नाही, खिळा नाही, गंज नाही, वाळवी नाही. पावसाळी मुलखासाठी याहून चांगलं काय असणार?

पण या साखळीत एक कच्चा दुवा आहे. तिच्यातल्या एक सोडून एक कार्बनवरचा हायड्रोजनचा अणू सैल धरलेला असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो एकदा निखळला की हवेतला ऑक्सिजन तिथे चिकटतो आणि साखळी तुटते. तुटताना ती शेजारच्या साखळीचाही हायड्रोजन ओढते, म्हणजे एका आघाताचे दहा होतात. लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात म्हणून प्लास्टिक वाकतं आणि परत येतं. आखूड तुकड्यांना ते जमत नाही. म्हणून साल ठिसूळ होते आणि तडकते. वजन पडल्यावर तो तडा सालीपाशी थांबत नाही, वेग घेऊन आतल्या चांगल्या प्लास्टिकमध्येही घुसतो. खुर्ची आतून शाबूत असून एका क्षणात मोडते ती यामुळे. पाय आणि बैठक जिथे मिळतात तिथे वाकण्याचा ताण सर्वांत जास्त, म्हणून ती तिथेच मोडते.

यावर उपाय कारखान्यातच होतो. कच्च्या मालात अगदी थोडी स्थिरकं मिसळली, तर ती हे तुटण्याचं सत्र मध्येच अडवतात. ती घातली आहेत की नाही हे दुकानात डोळ्यांना दिसत नाही, आणि हाच खरा अन्याय आहे. दुसरी एक गोष्ट मात्र घरी तपासता येते. मी त्या पायाचा एक तुकडा बादलीत टाकला. शुद्ध पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ च्या आसपास, म्हणजे ते पाण्यावर तरंगायलाच हवं. आमचा तुकडा तळाशी गेला. माल स्वस्त करायला त्यात खडूची भुकटी मिसळतात, आणि ती वजनाने साधारण १५ टक्क्यांवर गेली की प्लास्टिक बुडतं. अशी खुर्ची हाताला जड लागते, म्हणून आपण तिलाच मजबूत समजून घेऊन येतो.

रंगाचंही कोडं आहे. काजळीने काळं केलेलं प्लास्टिक उन्हात सर्वांत जास्त टिकतं, कारण काजळी किरण वरच्यावर शोषून घेते. पण कोकणातल्या मे महिन्यात काळ्या खुर्चीवर कोण बसणार? माझं मत असं, की उघड्यावर ठेवायची असेल तर काळी किंवा गडद राखाडी घ्यावी आणि संध्याकाळी बसावं. दिवसभर बसायचं असेल तर फिका रंग घ्यावा आणि खुर्ची पडवीत ओढावी.

लोखंडाकडे वळावं, तर समुद्राजवळ मिठाशी गाठ आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण स्वतःच पाणी ओढून विरघळतो. म्हणजे पाऊस न पडताही खुर्ची ओलीच राहते, तीही खाऱ्या पाण्याने. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून रंग आतून फुगून पोपडे पडतात. पाइपाच्या खुर्चीचे पाय आतूनच सडतात, कारण खालच्या रबरी बुचात पाणी साठतं. बुचाला एक बारीक भोक पाडलं तर खुर्चीचं आयुष्य वाढतं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर आपोआप येतो, ते बरंच टिकतं. मात्र त्यात स्टीलचे स्क्रू असतील तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंचा बॅटरीसारखा विद्युतघट तयार होतो आणि स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम झिजू लागतं.

सागवानाची गोष्ट वेगळी. सागाच्या गाभ्यात बुरशी आणि वाळवीला नकोशी द्रव्यं असतात, बाहेरच्या फिकट लाकडात ती नसतात. म्हणून "सागवान आहे" एवढं ऐकून भागत नाही, कुठलाही पाय पांढरट दिसतो का ते पाहावं. उन्हाने लाकूड राखाडी होतं त्याला घाबरू नये. तो वरवरचा बदल आहे आणि झीज फार हळू होते. खरी काळजी पायाच्या तळाची. तिथे आडवे कापलेले तंतू नळ्यांसारखे पाणी ओढतात, आणि ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकला की बुरशीला वाव मिळतो. पावसाळ्यात पायाखाली चिऱ्याचा तुकडा द्यावा.

गोव्यात जुन्या घरांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, दोन्ही बाजूंना सोपो बांधलेले असतात, दगडी बैठकाच त्या. ऊन, मीठ, पाऊस, कशाचंच त्यांना काही होत नाही. मात्र पाठ टेकायची सोय नावापुरतीच.

आणि पाठ महत्त्वाची आहे. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन या हाडांच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. टेकल्याशिवाय बसलं की तो उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. खुर्चीची पाठ थोडी मागे कललेली असेल तर वरच्या अंगाचं वजन ती उचलते आणि दाब उतरतो. पण फार खोल, फार कललेल्या आरामखुर्चीतून म्हाताऱ्या माणसाला उठता येत नाही. बैठक जितकी खाली, तितका उठताना गुडघ्यांवर भार जास्त. ४५ सेंटीमीटरच्या आसपास उंची आणि खुर्चीला भक्कम हात असले की तो भार बराच कमी होतो. बसल्यावर बैठकीची पुढची कड गुडघ्यामागे रुतत नाही ना, तेही पाहावं. धातूचे हात मात्र उन्हात नकोत. ॲल्युमिनियम लाकडाच्या सुमारे हजारपट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे दोन्ही तितकेच तापलेले असले तरी चटका धातूचाच बसतो.

गणपतीच्या आधी आम्ही चार खुर्च्या आणल्या: दोन सागवानी पडवीसाठी, दोन गडद राखाडी प्लास्टिकच्या खळ्यासाठी. प्लास्टिकच्या दोघींच्या बैठकीखाली घेतल्याची तारीख लिहिली आहे. दर मे महिन्यात पाठीवरून अंगठा फिरवायचा, आणि पूड लागली तर ती खुर्ची त्याच दिवशी वापरातून काढायची. आत्या आता सागवानीत बसते. उठताना दोन्ही हातांवर जोर देते, आणि अजून एकदा खाली वाकून पाय तपासते.